चेक : बुद्धिबळाच्या पटावरून बँकेत, पंपावर आणि मुलुंडच्या नाक्यावर

खाडीकिनारा (धागाकर्ता)

ठाण्यात कुणी 'चेकनाक्याला उतरतो' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांचा टोलही मुलुंड, ऐरोली, वाशीला बंद झाला. तरी मुलुंड चेकनाका, मॉडेला चेकनाका ही नावं तशीच आहेत. बँकेत भरायचा चेक, चेक्सचा शर्ट, पंपाचा चेक व्हॉल्व्ह, वागळे इस्टेटमधल्या फिटरचा चेकनट, गच्चीच्या जिन्याची चेकर्ड प्लेट आणि दिवसातून दहादा म्हणायचं 'चेक करून सांगतो', हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का, असा प्रश्न दुसऱ्या एका धाग्यावर आला होता. तिथे विषयांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझी मांडणी अशी. शब्द एकच आहे आणि त्याचं मूळ फारसी 'शाह', म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की प्रतिपक्षाला 'शाह!' म्हणून सावध करायचं. इंग्रजीत पोचल्यावर त्याला दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर 'रोखणे' हा अर्थ, त्यातून पुढे 'तपासणे'. दुसऱ्या फांदीवर बुद्धिबळाचा पट, म्हणून चौकड्या. वरचा प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या फांदीवर बसतो. बँकेचा चेक कुठे बसतो याबद्दल मतभेद होतील, आणि ते इथे नीट निघावेत असं मला वाटतं. ज्यांचा ज्या कामाशी संबंध आहे त्यांनी नेमकं लिहावं.

शहकाटशह

मूळ बरोबर आहे, उच्चाराचा प्रवास जोडतो. प्राचीन फारसीत 'क्षायथिय' असं रूप आहे. आपल्या 'क्षत्र'शी त्याचं धातूचं नातं आहे, दोन्हींत सत्ता गाजवण्याचा अर्थ. त्यातून 'शाह'. हा खेळ इथून 'चतुरंग' नावाने इराणात गेला, तिथे 'चतरंग' झाला, अरबीत 'शतरंज'. अरबांकडून युरोपात गेला तेव्हा मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'शाह'चं 'स्काकस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक'. पुढचा 'ए' गळून इंग्रजीत 'चेक' उरला. 'एशेक'चं अनेकवचन 'एशेस', त्याचं इंग्रजीत 'चेस'. म्हणजे इंग्रजीतला खेळ आणि त्या खेळातला हल्ला ही एकाच शब्दाची वचनं आहेत. जर्मन 'शाख', इटालियन 'स्काको', स्पॅनिश 'खाके' हीसुद्धा त्याच घरातली.

मराठीत तोच शब्द सरळ फारसीतून आला आणि कमी झिजला : शह. शह देणे, शह बसणे, शह-काटशह. पटावरचा 'चेक' आणि 'शह' या दोन वाटांनी आलेल्या एकाच शब्दाच्या दोन मूर्ती आहेत. त्यामुळे 'चेक'ला मराठीत प्रतिशब्द काय, या प्रश्नाचं खेळापुरतं उत्तर आपल्याकडे इंग्रज येण्याआधीपासून आहे.

कोपरी_पूर्व

'चौकडी'शी संबंध नाही का? चौकड्यांचा शर्ट आणि चेक्सचा शर्ट, अर्थही तोच आणि उच्चारही जवळचा. चौक, चौकी, चेकपोस्ट हेही एकमेकांना चिकटून आहेत.

शहकाटशह

नाही. 'चौक' आणि 'चौकडी' संस्कृत 'चतुष्क'वरून, म्हणजे चार या आकड्यावरून. 'चेक' राजावरून. उच्चार जवळ आले तो योगायोग. शब्दाचं मूळ काढताना आजचा उच्चार बाजूला ठेवून जुनी रूपं लावून पाहायची. 'चौक' मागे नेला की 'चतुष्क' मिळतं, 'चेक' मागे नेला की 'एशेक' आणि 'स्काकस'. दोन्ही रेषा कुठेच भेटत नाहीत. 'चतुरंग'मध्ये चार आहे खरा, पण 'चेक' त्या नावातून आलेला नाही, सोंगटीच्या नावातून आला आहे.

विचारलं जाण्याआधीच आणखी दोन गोष्टी सांगतो. चेक प्रजासत्ताकातला 'चेक' हे तिथल्या स्लाव लोकांचं स्वतःचं नाव आहे, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि 'शहा' हे गुजराती-मारवाडी आडनाव 'साधु'वरून, 'साहु', 'साह' असं आलेलं मानतात. 'सावकार' त्याच कुळातला. तोही राजा नव्हे.

ऐरोली_सेक्टर

चेकमेटमधल्या 'मेट'चा अर्थ 'मेला' असा सर्रास सांगतात. बरोबर आहे का?

शहकाटशह

अरबी 'माता' म्हणजे मेला, त्यावरून तो अर्थ लावला जातो. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला. मला दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण खेळाचा नियमच तसा आहे. राजा कधीच मारला जात नाही, पटावरून उचलला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव संपतो. आपण 'संकटावर मात केली' म्हणतो तो हाच 'मात'. 'मातब्बर' मात्र वेगळा, तो अरबी 'मुअतबर', म्हणजे विश्वासू, वजनदार.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

छान. आता पटाच्या फांदीकडे येतो, कारण बँकेचा रस्ता तिकडून जातो.

फ्रेंचमध्ये पटाला 'एशेकिए' म्हणत. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचं नाव 'एक्स्चेकर' पडलं ते त्यावरून. सुरुवातीचा 'एक्स' लेखनिकांच्या गैरसमजातून घुसला. फ्रेंच 'एस' हा लॅटिन 'एक्स'चा अपभ्रंश असणार असं समजून त्यांनी तो 'सुधारला'. खजिन्याला पटाचं नाव का? तर हिशोबाचं टेबल तसं दिसायचं. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कचेरीच्या कारभारावर प्रश्नोत्तररूपाने ग्रंथ लिहिला, त्यात मापं दिली आहेत. टेबल सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही घरंगळू नये. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. रेघांमधलं अंतर एक फूट किंवा एक वीत.

रकाने ठरलेले : पेनी, शिलिंग, पौंड, मग विसा-विसाचे पौंड, शेकडे, हजार, दहा हजार. परगण्याचा शेरीफ वसूल घेऊन समोर बसायचा आणि हिशोबनीस कापडावर सोंगट्या मांडायचा. समजा येणं १४७ पौंड ८ शिलिंग ५ पेनी. शेकड्यात १ सोंगटी, विसात २, पौंडात ७, शिलिंगात ८, पेनीत ५. शेरीफने १२० पौंड भरले की त्याच्या सोंगट्या खालच्या ओळीत, शेकड्यात १ आणि विसात १. वर-खाली जुळलेल्या सोंगट्या उचलल्या की विसात १, पौंडात ७, शिलिंगात ८, पेनीत ५ उरतात. बाकी २७ पौंड ८ शिलिंग ५ पेनी. कागदावर रोमन आकडे होते, त्यांत अशी वजाबाकी करणं जिकिरीचं. कापडावर ती लिहितावाचता न येणाऱ्या शेरीफलाही डोळ्यांनी दिसायची. मला या पद्धतीचं फार कौतुक वाटतं. दोन्ही पक्षांसमोर, दोघांनाही कळेल असा हिशोब होत होता.

हुंडीवाला

याच कचेरीतली पावती सांगायला हवी, कारण चेकबुकात आजही तिचा वारस आहे. भरलेल्या रकमेच्या खाचा लाकडाच्या काठीवर पाडायचे. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला पिकलेल्या सातूच्या दाण्याएवढी. पेनीला नुसता चरा, लाकूड काढायचं नाही. मग काठी उभी चिरायची, म्हणजे खाचा दोन्ही भागांवर येतात. लांब भाग पैसे भरणाऱ्याकडे, त्याला 'स्टॉक' म्हणत. आखूड भाग कचेरीकडे, तो 'फॉइल'. नंतर कुणी एका भागावर खाच वाढवली तर दोन भाग जोडताच ती उघडी पडे. लाकडाचे धागे जुळतात की नाही हेही दिसे, त्यामुळे बनावट जोडीदार करता येत नसे.

'काउंटरफॉइल' त्या 'फॉइल'वरून. बंद झालेल्या या काठ्यांचा साठा १६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनच्या संसदेच्या भट्ट्यांत जाळायला घेतला आणि त्या आगीत संसदभवनच जळालं.

कोपरी_पूर्व

मग बँकेचा चेक पटाच्याच फांदीवर आला ना? खजिना, एक्स्चेकर, चेक. ब्रिटिश स्पेलिंगही (cheque) तेच सांगतं.

हुंडीवाला

स्पेलिंग तसं सांगतं, पण कागदपत्रं उलट सांगतात. अठराव्या शतकात हा शब्द साध्या, 'तपासणे'च्याच स्पेलिंगने (check) लिहीत आणि त्याचा अर्थ होता स्थळप्रत, म्हणजे काउंटरफॉइल. मूळ कागद खोटा की खरा हे जिच्याशी ताडून पाहायचं ती प्रत. नंतर नाव प्रतीवरून मूळ कागदाकडे सरकलं. एक्स्चेकरच्या धर्तीचं स्पेलिंग त्यानंतर ब्रिटनमध्ये रूढ झालं, अमेरिकेत जुनंच राहिलं. म्हणून माझं मत असं की अर्थ रोखण्या-तपासण्याच्या फांदीचा आणि स्पेलिंग पटाच्या फांदीवरून उसनं.

वस्तू मात्र नावापेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधला सर्वांत जुना म्हणून दाखवला जाणारा हस्तलिखित चेक १६ फेब्रुवारी १६५९ चा, ४०० पौंडांचा, क्लेटन आणि मॉरिस या पेढीवरचा. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ मध्ये छापील फॉर्म आणले, तेही खोटेपणा रोखायलाच.

ऐरोली_सेक्टर

अरबी 'सक्क'वरून चेक आला असंही वाचनात येतं.

हुंडीवाला

'सक्क' ही वस्तू खरी आणि मोठी आहे. दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाला औदागुस्त इथे ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. पण वस्तू सारखी म्हणून शब्द तोच असं होत नाही. इंग्रजी शब्दाची सुरुवात स्थळप्रतीच्या अर्थाने होते, आणि सक्क म्हणजे पैसे देण्याचा मूळ दस्तऐवज. इंग्रजी शब्द तिथून आला असता तर पहिल्या नोंदी मूळ कागदाच्या अर्थाच्या दिसल्या असत्या. आपल्या दर्शनी हुंडीचं (दाखवताच पैसे देण्याच्या चिठ्ठीचं) कामही बरंचसं तेच होतं, नाव वेगळं.

आता रोजच्या वापराचं, कारण यात नेहमी चुका होतात.

खालच्या पांढऱ्या पट्टीतले आकडे डावीकडून असे वाचायचे : ६ आकडी चेक क्रमांक, मग ९ आकडी एमआयसीआर कोड, मग ६ आकडे खात्याशी संबंधित, शेवटी २ आकडे व्यवहाराच्या प्रकाराचे. नऊ आकड्यांतले पहिले ३ शहराचे, मधले ३ बँकेचे, शेवटचे ३ शाखेचे. ठाणे आणि वाशीच्या शाखांवरही मुंबईचेच ४०० दिसतात. या पट्टीवर सही, शिक्का, स्टेपलची पिन काहीही येऊ द्यायचं नाही.

खाडाखोड आता चालत नाही. पूर्वी खोडून बाजूला सही करत. सीटीएसमध्ये, म्हणजे बँकांच्या आजच्या चेक वटवण्याच्या व्यवस्थेत, चेकचं चित्र पुढे जातं, कागद जात नाही, म्हणून रक्कम किंवा नाव बदललेला चेक परत येतो. तारखेच्या मुदतवाढीपुरता अपवाद आहे. बाकी चूक झाली तर नवा चेक लिहा. शाई गडद घ्या, फिकी किंवा चमकीची शाई स्कॅनमध्ये उडते. अक्षरी रक्कम डावीकडे अगदी कडेपासून सुरू करून 'फक्त' लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढा. मराठीत लिहिलेला चेक महाराष्ट्रात वैध आहे. फक्त अक्षरी आणि आकडी रक्कम जुळली पाहिजे.

वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा म्हणजे क्रॉसिंग : काउंटरवर रोख मिळणार नाही, पैसे खात्यातच जमा होतील. रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं की ते नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात. क्रॉस न करता 'बेअरर' तसाच ठेवलेला चेक हरवला तर सापडणारा तो वटवू शकतो.

मुदत तारखेपासून ३ महिने. १ एप्रिल २०१२ पूर्वी ६ महिने होती, आणि जुनी समजूत अजून ऐकू येते. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी 'पॉझिटिव्ह पे' आहे : दिलेल्या चेकचा क्रमांक, तारीख, नाव, रक्कम आपण आधी बँकेला कळवायची, म्हणजे वटताना बँक ताडून पाहते. ५ लाख आणि त्यावर बँक ते सक्तीचं करू शकते. ताडून पाहायची ती प्रत, हा अठराव्या शतकातला 'चेक'चा अर्थ इथे जशाच्या तशा कामावर आहे.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

बाउन्स झाल्यावरच्या मुदतीही द्या. सोसायट्यांच्या देखभाल वर्गणीत हा प्रश्न कायम येतो.

हुंडीवाला

परक्राम्य संलेख अधिनियम १८८१, कलम १३८. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते गेले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. प्रकरणं बहुधा पहिल्याच टप्प्यावर हुकतात. 'पुन्हा भरून बघा' म्हणत ३० दिवस उलटतात. मुदतीच्या ३ महिन्यांत चेक पुन्हा भरता येतो, आणि तो पुन्हा परत आला तर नोटिशीचे दिवस त्या परतीपासून मोजता येतात. पण चेकचीच मुदत संपली की तोही रस्ता बंद. बँकेचा परतीचा मेमो जपून ठेवा, त्यावरचं कारण आणि तारीख दोन्ही लागतात.

पाना_बावीस

यंत्रांच्या बाजूने लिहितो. चेक व्हॉल्व्ह काही 'तपासतो' असं अनेकांना वाटतं. तो काहीच तपासत नाही, उलटं येणारं पाणी रोखतो. चेकनट नटाला सैल होण्यापासून रोखतो, चेक डॅम ओढ्याला. तिन्हींत जुना, पटावरचा अर्थ आहे.

चेकनट बसवताना सर्रास होणारी चूक म्हणजे जाड नट आत आणि पातळ नट वर. हवं उलटं. पातळ नट आधी बसवून अंदाजे निम्म्या जोराने आवळा. मग त्याला पातळ पान्याने धरून ठेवून वर जाड नट पूर्ण जोराने आवळा. वरचा नट आवळला की बोल्टचा ताण तो घेतो आणि आतल्या नटाचे आटे उलट्या बाजूला टेकतात. खरा भार वरच्यावर येतो, म्हणून जाड नट वर. आतला पान्याने धरला नाही तर दोघे एकत्र फिरतात आणि अडकण बसतच नाही.

व्हॉल्व्हबद्दल : गच्चीच्या टाकीला पाणी चढवणाऱ्या लाइनवर क्रम पंप, मग एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे चेक व्हॉल्व्हच), मग गेट व्हॉल्व्ह. म्हणजे गेट बंद करून वरची लाइन रिकामी न करता एनआरव्ही उघडता येतो. उलटा क्रम लावला तर प्रत्येक दुरुस्तीला अख्खी उभी लाइन सोडावी लागते. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने. फ्लॅपचा एनआरव्ही आडव्या लाइनवर लावताना झाकण आणि बिजागरी वर. उभ्या लाइनवर पाणी वर जात असेल तरच तो चालतो, खाली जाणाऱ्या लाइनवर फ्लॅप उघडाच लोंबतो.

ऐरोली_सेक्टर

एनआरव्ही गेलाय हे ओळखायचं कसं? आणि पंप बंद होताना धाडकन आवाज येतो तो याचाच का?

पाना_बावीस

पंप बंद केल्यावर कपलिंग किंवा पंखा उलटा फिरताना दिसला तर पाणी परत येतंय. गेट व्हॉल्व्ह बंद केल्याबरोबर फिरणं थांबलं तर दोष एनआरव्हीचा. बहुतेक वेळा सीटवर वाळू, गंज किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलेला असतो, व्हॉल्व्ह बदलण्याआधी उघडून साफ करून बघा. दोन पंपांच्या जोडणीत बंद पंपाचा एनआरव्ही गळका असेल तर चालू पंपाचं पाणी त्यातून फिरून परत टाकीत येतं, आणि 'पंपच कमजोर झाला' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. उलट्या फिरणाऱ्या पंपाला त्याच क्षणी चालू करू नका, मोटर खूप करंट ओढते.

आवाजाचं कारण : पंप थांबला की वर चढणारं पाणी क्षणभर थबकून मागे फिरतं. फ्लॅप सावकाश मिटत असेल तर पाण्याने वेग धरल्यावर तो आपटतो आणि दणका लाइनभर जातो. स्प्रिंगचा किंवा दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह पाणी मागे फिरण्याआधीच मिटतो, म्हणून उंच इमारतींत तोच घ्यावा. दाबाचा हिशोब सोपा आहे : दर १० मीटर उंचीला अंदाजे १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. घोडबंदर रोडवरच्या २२ मजली इमारतीत उंची ६६ मीटर धरली तर नुसता स्थिर दाब ६.६. दणका त्याच्या वर. तिथे १० च्या रेटिंगचा व्हॉल्व्ह काठावर जातो, १६ चा घ्या.

कोपरी_पूर्व

चेकर्ड प्लेटचं कुणी सांगेल का? फॅब्रिकेटर ६ मिमी सांगतो आणि मोजली तर कुठे ६, कुठे ७ भरते.

पाना_बावीस

ती पटाच्या फांदीवरची. तिची जाडी उठावाची नक्षी सोडून, मधल्या सपाट भागाची मोजतात. व्हर्नियरचे जबडे उठावावर टेकले तर आकडा जास्तच येणार. सपाट जागी ६ भरली तर माल बरोबर. उठावावर ६ भरली तर पत्रा प्रत्यक्षात ५ च्या आसपास आहे. वजनानेही कळतं : साधी ६ मिमी प्लेट चौरस मीटरला ४७.१ किलो, नक्षीची त्याहून थोडी जास्त. त्याहून कमी भरली तर पत्रा पातळ आहे, परत पाठवा.

शहकाटशह

आता नाक्याकडे. इंग्रजीत 'चेक' हा शब्द पटावरून निघून आधी 'रोखणे' झाला आणि 'ताडून पाहणे' हा अर्थ साधारण सतराव्या शतकात आला. चेकनाक्यावर दोन्ही गोष्टी त्याच क्रमाने व्हायच्या. ट्रक आधी थांबवायचा, मग मालाची बिलं आणि गाडीतला माल ताडून पाहायचा. कागद जुळल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. म्हणून खाडीकिनारा, तुमच्या मांडणीत चेकनाका पहिल्या फांदीवर बसतो आणि त्याला दोन्ही अर्थ लागू पडतात. पटाच्या चौकड्यांशी त्याचा संबंध नाही.

खाडीकिनारा (धागाकर्ता)

मान्य. बँकेच्या चेकबद्दल हुंडीवाला यांचं म्हणणंही मान्य : अर्थ पहिल्या फांदीचा, ब्रिटिश स्पेलिंग दुसरीवरचं. मूळ मांडणीत तेवढी भर घालतो. 'चेक-इन' आणि हॉटेलातल्या बिलाला अमेरिकेत 'चेक' म्हणतात त्याबद्दल कुणाकडे नेमकी माहिती असेल तर खाली लिहा.